वाचवलेला पैसा कुणाचा?



आपल्या धर्मग्रामातील काही मुले-मुली अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. मागे तिकडे गेलो असता अशाच एका मुलीच्या घरी उतरलो होतो. तिच्या मुलांना जपानी पदार्थांची भारी आवड. रविवारची मिस्सा झाल्यावर ती कात्री घेऊन वर्तमानपत्रातली कूपने कापत बसली. सोया सॉसच्या दोन बाटल्या घेतल्या तर एक डॉलर सूट, तेरियाकी सॉसवरही तसेच. दुकानातून परतताना ती आनंदाने म्हणाली, "फादर, आज तीन डॉलर वाचवले!"

घरी तिने कपाट उघडले. आत अकरा बाटल्या आधीच उभ्या होत्या. त्यांतल्या तीन मुदत टळलेल्या.

मी उपदेशाच्या सुरात विचारले, "मग ते तीन डॉलर आहेत कुठे?"

ती शांतपणे म्हणाली, "बाबांच्या औषधांना दरमहा पैसे पाठवते ना, ते असेच थोडे थोडे करून जमतात."

मी ओशाळलो. काटकसरीला हसणे सोपे असते.

तरीही प्रश्न उरतोच. कूपन म्हणजे दानधर्म नव्हे. १८८७ साली अटलांटा शहरात कोका-कोलाच्या फुकट ग्लासाची कूपने वाटली गेली, ती गिऱ्हाईक जोडण्यासाठी. आजही सूट मिळते ती आपण एकाऐवजी दोन बाटल्या घ्याव्यात म्हणून. त्यात पाप नाही. परंतु लागणारी वस्तू स्वस्तात घेतली तर ती बचत. न लागणारी घेतली तर तो खर्चच. ॲरिस्टॉटलने उधळेपणा आणि कंजूषपणा यांच्या मधोमध औदार्याला जागा दिली. म्हणजे किती वाचवले याइतकेच कशासाठी वाचवले, हेही महत्त्वाचे.

सोयाबीन, गहू, मीठ आणि पाणी यांपासून पारंपरिक पद्धतीचा सोया सॉस मुरायला कित्येक महिने लागतात. अशी वस्तू वाया गेली की जपानी माणूस 'मोत्ताइनाई' म्हणतो. तिचे मोल आपण राखले नाही, याची ती हळहळ. प्रभू येशूनेही पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला लावले. भाकरी वाढवणाऱ्याला तुकड्यांची काय उणीव? पण देवाच्या देणगीचा मान राखायचा होता.

त्या संध्याकाळी आम्ही कपाट आवरले. चांगल्या बाटल्यांतल्या चार तिने तिथल्या चर्चमध्ये गरजूंसाठी ठेवलेल्या पेटीत नेऊन ठेवल्या.

आपल्याकडे 'एकावर एक फ्री' अशी पाटी दिसली की दोन प्रश्न स्वतःला विचारू या. ही वस्तू घरात खरोखर लागणार आहे का? आणि वाचलेला पैसा कुणाच्या उपयोगी पडणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना एखाद्या माणसाचे नाव ओठांवर आले, तर ती काटकसरही प्रार्थनाच आहे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू