माया किती, ऊन किती

ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला आपण होऊन त्रास द्यावा का? प्रश्न जुना आहे आणि प्रत्येक घरात तो निराळ्या रूपाने येतो. मुलाचा कर्जाचा हप्ता आपल्या पेन्शनमधून भरावा का, लेकीच्या संसारात जरा खुट्ट झाले की लगेच धावून जावे का. आपल्याकडे याची दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एकजण म्हणतो, "सोसू दे, सोसल्याशिवाय अक्कल येत नाही." दुसरा म्हणतो, "आपण आहोत तोवर त्यांनी कशाला सोसायचे?" मला ही दोन्ही उत्तरे अर्धवट वाटतात. का वाटतात, ते सांगायला मी टोमॅटोच्या रोपांचा आधार घेणार आहे. दत्तमहाराजांच्या अंकात टोमॅटो कुठून आला, असे कोणी म्हणेल. पण ज्या अवधूताने वाऱ्याला, अजगराला आणि मधमाशीलाही गुरू केले, त्याच्या दारी एका रोपाला बसायला जागा मिळावी.

माझी मुलगी कॅनडात कॅलगरी शहरात राहते. हे गाव रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. तिथे मे महिना संपत आला तरी रात्री गोठवणारी थंडी पडू शकते आणि सप्टेंबरात ती परत हजर. मधल्या साधारण चार महिन्यांत बी पेरण्यापासून पिकलेल्या फळापर्यंत सगळे उरकणे टोमॅटोला जमत नाही. म्हणून लोक मार्चमध्येच घरात, खिडकीशी, छोट्या कपांत बी लावतात. मे उजाडेपर्यंत रोपे वीतभर होतात. हिरवीगार, लुसलुशीत, बघत राहावे अशी. २५ मेच्या आधीच्या सोमवारी तिथे व्हिक्टोरिया डेची सुट्टी असते. त्या सुमारास बागवाले लोक रोपे जमिनीत लावायच्या तयारीला लागतात.

आता बघा, खिडकीतले हे देखणे रोप तसेच उचलून बाहेर लावले, तर दोन दिवसांत त्याची पाने कागदासारखी पांढरी पडतात आणि वाऱ्याने देठ मोडतो. थंडी हे एकच कारण नाही. काचेतून उन्हातले सगळे किरण आत येत नाहीत. घरात वारा नाही. पाणी मागण्याआधी मिळते. पानाची कातडी जाड करायची वेळच त्या रोपावर कधी आलेली नसते.

म्हणून लावणीआधी सात ते चौदा दिवस रोपांना बाहेरची सवय करतात. इंग्रजीत याला 'हार्डनिंग ऑफ' म्हणतात. आपल्याकडे नारायणगाव भागातले टोमॅटोवाले शेतकरी 'रोपे कणखर करणे' म्हणतील. तिथे काळजी थंडीची, इथे उन्हाची, एवढाच फरक. पहिल्या दिवशी भिंतीच्या आडोशाला, सावलीत, तास-दोन तास. मग आत. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. मग सकाळचे कोवळे ऊन, मग दुपारचे. पाणी थोडे कमी करायचे, पण रोप माना टाकेल इतके नाही. खत बंद. पारा दहा अंशांच्या खाली जाणार असेल तर रोप रात्री बाहेर ठेवायचे नाही. या दिवसांत रोपाची वाढ मंदावते. वरवर बघणाऱ्याला ते रोडावले असे वाटते, पण आत पानावरचा मेणाचा थर जाड होत असतो आणि खोड ताठ होत असते.

मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला, त्यामुळे गेल्या खेपेला ट्रे आत-बाहेर करण्याची ड्युटी आम्हा दोघांकडे आली. तिथे मेमध्ये रात्री नऊनंतर सूर्य मावळतो, म्हणजे ड्युटी चांगली लांबलचक. सौ. रोज म्हणायची, "आज वारा आहे गं, राहू दे आत." मुलगी हसून म्हणाली, "आई, अगं तो वाराच तर दाखवायचाय त्यांना."

या कामात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. ही रोपे कितीही कणखर केली, तरी पारा शून्याखाली गेलेली एक रात्र त्यांना पुरते. कोबी थोडे हिम सोसतो, टोमॅटो नाही. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतले, हिमाशी त्याचे जमत नाही. म्हणजे या सवयीने रोपाचा स्वभाव बदलत नाही. त्याच्यात जे बळ आहे तेवढेच वर येते. "आम्ही सोसले, तुम्हीही सोसा" म्हणणारे इथे चुकतात, ते ऊन आणि हिम एकाच मापाने मोजतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सतरा वर्षांच्या मुलाला रागाच्या भरात घराबाहेर काढले. मुलगा स्वतःच्या पायावर उभा राहिला, चांगला नावारूपाला आला. गृहस्थ ही गोष्ट अभिमानाने सांगत. मुलगा मात्र पुन्हा त्या उंबऱ्याच्या आत आला नाही. आणि जी पोरे अशा रात्री करपून जातात, त्यांची उदाहरणे कोणी देत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक मी बँकेच्या काउंटरवर भरपूर पाहिले. पस्तिशीचा मुलगा बाजूला उभा आणि वडील त्याची स्लिप भरताहेत. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने कपोत पक्ष्यालाही गुरू म्हटले आहे. पिल्ले पारध्याच्या जाळ्यात अडकली, मागोमाग त्यांची आई आणि मग तोही त्याच जाळ्यात गेला. पिल्ले वाचली नाहीतच. मुलाच्या कर्जाला जामीन राहून स्वतःची पुंजी घालवलेले वडील समोर बसले की मला त्या पक्ष्याची आठवण यायची.

बँकेचा अज्ञान मुलांच्या खात्याचा नियम मला या बाबतीत शहाणपणाचा वाटतो. आधी खाते पालकाच्या सहीवर चालते. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये परवानगी दिली, तेव्हापासून दहा वर्षांवरील मूल स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू शकते, पण रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि शिलकीपेक्षा जास्त काढता येत नाही. अठरा पूर्ण झाली की नव्याने नमुना सही घ्यायची. मग पालकाची सही चालत नाही, त्याने कितीही गळ घातली तरी! तोट्याला मर्यादा आहे, म्हणून मुलाला चुकायची मोकळीक आहे.

राहिला प्रश्न मात्रा कोणी ठरवायची. एकाच ट्रेमधली सहा रोपे, पण एक दोन तासांत मान टाकते आणि शेजारचे दिवसभर ताठ. मला ऊन किती सोसते यावरून ते ठरत नाही, पानाकडे बघूनच ठरते. वडीलधाऱ्यांचे इथे बिनसते. आपण सायकलवरून किती मैल गेलो, किती माधुकरी मागून शिकलो, त्या हिशेबाने आपण नातवाला मोजतो. माझ्या मते त्रास द्यायचा अधिकार त्यालाच, जो दिवसभर तिथे लक्ष ठेवून आहे आणि वेळ झाली की ट्रे उचलून आत आणणार आहे. चांगल्यासाठीच करतोय म्हणत दार लावून निघून जाणाऱ्याला तो नाही.

हेही सांगितले पाहिजे की ही तयारी लांबवत बसण्यातही तोटा आहे. छोट्या कपात, कमी पाण्यावर रोप फार दिवस ठेवले तर मुळे गुंडाळत जातात, वाढ खुंटते आणि पुढे जमिनीत लावले तरी ते लवकर उभारी धरत नाही. "अजून तयार नाही" असे म्हणत लग्न, वेगळे घर, धंद्याच्या किल्ल्या मुलांच्या हाती न देणारी घरे आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत.

लावणी झाल्यावरही कॅलगरीचे लोक जुन्या चादरी हाताशी ठेवतात. हवामान खात्याने पारा उतरणार असे सांगितले की संध्याकाळी रोपांवर चादर टाकायची आणि सकाळी आठवणीने काढायची. आम्ही तिथे असताना जूनच्या सुरुवातीला तशी एक रात्र आली. मुलगी चादरी टाकून निवांत झोपली. सौ. मात्र दोनदा उठून खिडकीशी जाऊन आली, आणि तिसऱ्यांदा मी गेलो.