बिनरामाची खार

कोकणात खारी दोन. एक लहान, पाठीवर पट्टे असलेली, खळ्यात वाळत घातलेल्या भातावर तुरुतुरु येणारी. तिला आमच्याकडे चानी म्हणतात. दुसरी म्हणजे शेकरू. दीड-दोन किलो वजन, अंगावर तांबूस-तपकिरी केस आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपटी. ते जमिनीवर सहसा उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फूट झेप टाकतं आणि उंच फांद्यांत काटक्या-पानांचं घरटं बांधतं. माझ्या लहानपणी गावात चानीला कुणी दगडसुद्धा मारत नसे. शेकरू मात्र बंदुकीनं मारायचे आणि खायचे.

हा फरक का, असं विचारलं की म्हातारी माणसं सांगत, "चानयेक मारू नये रे, रामाची बोटां आसत तिच्या पाठीर." सेतू बांधताना तिनं वाळूचे कण वाहिले, रामानं कौतुकानं पाठीवरून हात फिरवला, त्याचे हे पट्टे, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शेकराच्या पाठीवर पट्टे नाहीत. म्हणून ते बिनरामाचं, आणि बिनरामाचं म्हणून चुलीवरचं. पुढे मोठेपणी कळलं, की पाच पट्ट्यांचीही खार असते. तिच्या पाठीवर कुणाची किती बोटं फिरली, हे कुणी विचारत नाही.

हसण्यासारखं आहे खरं. पण आपली दया बहुतेक वेळा अशीच चालते. जिच्या नावानं गोष्ट आहे ती वाचते, जिच्या नावानं नाही ती मरते. प्रत्यक्ष त्या जिवाला काय होतं, हा प्रश्न मधे येतच नाही.

त्या काळच्या शिकारीची बंदूक ठासणीची. परवान्यावर कारण लिहिलेलं असे, शेती संरक्षण. नळीत मापानं काळी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजानं ठासायचा, मग छर्रे, परत बोळा, परत ठासायचं. घोड्याखाली केप बसवायची, तेव्हा कुठे एक बार तयार. पावसाळी हवेत दारू सर्द झाली तर चाप ओढल्यावर नुसता फुस्स आवाज. दारूला, छर्‍यांना पैसे पडत. म्हणून जाणते शिकारी म्हणत, "बार येकच. चुकलो तर घराक जावचा."

ही आठवण सांगताना आजकाल लोक हळवे होतात. म्हणतात, ती शिकार न्यायाची होती, जनावराला पळायची संधी होती. मला हे पटत नाही. बार नीट लागला नाही तर जखमी शेकरू वरच्या बेचक्यात अडकून राही आणि बंदूक परत ठासून होईपर्यंत तसंच तडफडे. कधी मिनिटभर, कधी जास्त. त्याला त्या एका बाराच्या न्यायाचा काय उपयोग? आणि पुढे ज्यांच्या हाती काडतुसाची बंदूक आली, त्यांनी हयगय न करता दोन-दोन, तीन-तीन बार काढले. माणसं तीच होती. म्हणजे आवर होता तो बंदुकीला होता, मनाला नव्हता. हत्यार संथ असलं म्हणून ते धरणारा दयाळू ठरत नाही.

मग त्या शिकारीत काहीच चांगलं नव्हतं का? होतं, पण ते बंदुकीत नव्हतं, वाट्यात होतं.

शेकराचं मांस घरातल्या चुलीवर शिजत नसे. मागच्या पडवीत तीन दगडांची वेगळी चूल आणि वेगळा टोप. आधी जाळावर केस होरपळून काढायचे, मग साफ करून लहान तुकडे. मांसाला चरबी कमी, त्यामुळे ते चिवट. मंद जाळावर बराच वेळ शिजवावं लागे. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, धने, मिरी, लवंग यांचं वाटप, वर दोन कोकमं. सोबत तांदळाची भाकरी. एवढ्याशा जनावराचे किती वाटे होणार! तरी होत. बार काढणार्‍याचा एक, झाड दाखवणार्‍याचा एक, ज्याच्या बागेतलं झाड त्याचा एक. वाडीत कुणी आजारी असेल तर वाटीभर रस्सा तिकडे. कुत्र्यालाही हाडं मोजून. त्या रश्श्यावरून भांडणं झालेलीही मी ऐकली आहेत. पण वाटा चुकवला तर भांडण होतं, याचाच अर्थ वाटा हा हक्क होता, मेहेरबानी नव्हती.

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म सांगतो. त्याचा एक मुद्दा शेतकर्‍यानं कधीच विसरू नये असा आहे. शेतीला लोक चांगली म्हणतात, पण नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात! आमच्या भाताच्या चोंढ्यात दर पावसाळ्यात हेच होतं. खेकड्यांची बिळं मोडतात, गांडुळं तुटतात, बेडूक चिरडतात. धर्मव्याध हे सांगून आपला धंदा धुऊन काढत नाही. मारल्याशिवाय कुणाचंच पोट भरत नाही, तेव्हा मी स्वच्छ आणि तू मळका असं म्हणायची घाई करू नये, एवढंच मी त्यातून घेतो.

आता शेकराचं काय झालं ते पाहू. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. शेकरू मारणं हा गुन्हा ठरला. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं, त्यात शेकराचं नाव सगळ्यांत पुढे. आज ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. बिनरामाच्या खारीलाही शेवटी एक गोष्ट मिळाली. मला याचा आनंदच आहे. कायदा मोडावा, बंदुका परत काढाव्यात असं मी म्हणणार नाही. जंगल इतकं तुटल्यावर आणि पोटाला दुसरं मिळत असताना ते मांस हा आता निव्वळ जिभेचा चोचला होईल.

पण शेकरू माडावर चढतं. कोवळ्या नारळाला भोक पाडतं, आतलं खातं, नारळ खाली पडतो. पाच-पन्नास माड हाच ज्याचा संसार, त्याला ते रोज दिसतं. एका दिवशी दोन-चार नारळ गेले तर पंचनामा कसला करायचा? तो वर बघतो, हाळी देतो, पत्र्याचा डबा वाजवतो आणि गप्प बसतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा त्याच माडाखाली उभा राहून शेकराचा फोटो काढतो, खूष होऊन घरी जातो. दया दोघांनीही केली, पण तिचा खर्च एकट्या बागवाल्याच्या अंगावर पडला.

इथे मला त्या जुन्या वाट्याची आठवण येते. मारलेल्या जिवाचे जर वाटे होत होते, तर राखलेल्या जिवाचे का होऊ नयेत? शेकरू दाखवून खोल्या भरणार्‍या घरमालकानं सीझनअखेर शेजारच्या बागवाल्याला काही रक्कम द्यावी. पाहुण्यानं भोक पडलेल्या नारळांचे पैसे विचारून द्यावेत. पंचायतीनं एक वही ठेवावी, पडलेला नारळ आणून दाखवावा, नोंद व्हावी. रक्कम फार होणार नाही. वाटीभर रस्साही फार नसे. पण बागवाल्याला हातात डबा घेऊन एकट्यानं वर बघत बसावं लागणार नाही, आणि माडावरचं शेकरू हे आपलं सगळ्यांचं आहे, असं म्हणायचा हक्क आपल्याला खरोखर मिळेल.