अपराध की आजार?

पनवेलमधील आमच्या परिचयाची एक भगिनी दर महिन्याला पापनिवेदनास जात असे आणि दर महिन्याला तिचे निवेदन एकच असे: मुलांवर हात उगारला, पतीला नको ते बोलले, देवाकडे मरण मागितले. पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत मन निवळे आणि मागे पश्चात्ताप उरे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. आपला पश्चात्तापच खोटा आहे, असे तिला वाटू लागले होते. घरची माणसे मात्र हसून म्हणत, “हिचे दिवस जवळ आले वाटते!”

जे आपल्या ताब्यात नाही, त्याचा दोष आपल्या माथी येतो काय?

अखेर एका डॉक्टरीणबाईंनी तिला सोपे काम सांगितले. घरच्या ‘कालनिर्णय’वर दुधाचा हिशेब लिहिता, तिथेच रोज मनाची अवस्थाही टिपून ठेवा. दोन महिन्यांच्या खुणांनी निदान पक्के झाले. या विकाराला वैद्यकशास्त्र ‘पीएमडीडी’ म्हणते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 2013 साली त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो आहे. पाळीपूर्वी थोडीफार चिडचिड पुष्कळ स्त्रियांना होते. हा विकार मात्र थोड्याच जणींना गाठतो. त्यांच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण सर्वसाधारणच असते. त्यांतील मासिक चढउतार मेंदूला सोसत नाहीत. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अनेकींना आराम पडतो, आणि काहींना त्या पाळीपूर्वीच्या पंधरवड्यातच घ्याव्या लागतात. समुपदेशनाचाही आधार होतो.

काहींना डॉक्टर गर्भनिरोधक गोळीही देतात. येथे श्रद्धावंत मन अडखळते. परंतु पोप सहावे पॉल यांनी 1968 सालच्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकाच्या 15व्या परिच्छेदात स्पष्ट केले आहे, की आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार निषिद्ध नाही, मग त्यामुळे गर्भधारणेस अडथळा येणार असला तरी. मात्र तो अडथळा हाच हेतू नसावा.

दोषाविषयीही ख्रिस्तसभेची शिकवण कठोर नाही. 1992 सालच्या धर्मशिक्षणग्रंथाचा 1735वा परिच्छेद सांगतो, की मानसिक कारणांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी नाहीशीही होऊ शकते. याचा अर्थ मुलाला बसलेला धपाटा दुखत नाही, असा नव्हे. त्याला जवळ घेऊन क्षमा मागणे आणि औषध न चुकवणे, एवढे आईच्या हाती उरतेच.

पण दुसरी चूकही आपण टाळली पाहिजे. स्त्रीचा प्रत्येक राग म्हणजे आजार नव्हे. दिवसभर राबून थकलेली गृहिणी घरातल्या अन्यायाविषयी बोलली, तर तिच्या बोलण्याचे उत्तर तारखा मोजून देता येत नाही. त्या भगिनीच्या घरी आजार ओळखला गेला नाही, आणि तिच्या रास्त तक्रारीही त्याच हसण्यात बुडाल्या. हा दोष तिचा नव्हता. आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही त्यात वाटा होता.

मरणाचे विचार येत असतील, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये. डॉक्टरांना गाठावे किंवा शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या, वैद्यांपायी सर्वस्व खर्चून बसलेल्या स्त्रीची हकीकत संत मार्कने पाचव्या अध्यायात सांगितली आहे. प्रभूने तिच्याकडे पापांचा हिशेब मागितला नाही. तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. आमची भगिनी आजही पापनिवेदनास जाते. आता तिथे ती आपली पापे सांगते, आजार नव्हे.