मिसरचं सोनं आणि भिंतीवरचा चौक

आजचं वाचन: १ करिंथकरांस ८ आणि १०:२३–३३, निर्गम १२:३५–३६



तरुण संघात एक प्रश्न फिरून फिरून येतो. कधी तो योगासनांबद्दल असतो, कधी कराटेबद्दल, कधी जपानी ॲनिमेबद्दल, आणि नवरात्र जवळ आलं की हमखास गरब्याबद्दल. "ताई, हे ख्रिस्ती माणसाला चालतं का?" करिंथच्या मंडळीनेही पौलाला असंच विचारलं होतं, मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल. त्यांना बहुतेक हो किंवा नाही एवढंच हवं होतं. पौलाने त्यावर तीन अध्याय लिहिले.

दुसऱ्याच्या छंदावर निकाल देणं फार सोपं, म्हणून मी माझ्याच छंदाबद्दल लिहिते. मी वारली चित्रं काढते. मी वारली नाही. राहते कुंभवलीत, तारापूर एमआयडीसीला लागून. इथे बोईसरच्या बाजारात दहा भाषा ऐकू येतात, आणि थोडं आत गेलं की पाडे सुरू होतात. म्हणजे "परकी संस्कृती" म्हणायची तर ती माझ्यासाठी जपानमध्ये नाही, रस्त्यापलीकडे आहे. खरं तर परकी मीच. त्यांची घरं इथे कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत.

या चित्रांची मुळं कुठे आहेत हे आधी समजून घेऊ, कारण आपण बहुतेक जण ती उशीच्या अभ्र्यावर किंवा चहाच्या कपावर पाहिलेली असतात. गेरूने सारवलेली कुडाची भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, रेघा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो. पण मूळचं, मानाचं चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सवाशिणी लिहितात. चौक "काढला" नाही, "लिहिला" म्हणतात. चौकाच्या आत पालघाट देवी असते, शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, शहरात गेली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती पुरुष असून हातात घेतली, समारंभाशिवाय रोज काढली, आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग मी काय करतेय? देवीची पूजा, की नुसती चित्रकला?

निर्गम १२ मध्ये इस्राएल लोक मिसर सोडताना शेजाऱ्यांकडून सोन्याचांदीचे दागिने मागून घेतात. ते सोनं काही पवित्र वातावरणात वाढलं नव्हतं. कदाचित त्यातला एखादा दागिना कुठल्या मिसरी देवतेच्या नावाने घडला असेल. पुढे अध्याय ३५ मध्ये लोक निवासमंडपासाठी दागिने आणून देतात आणि बसालेल त्यांतून दीपवृक्ष घडवतो. रानात सोन्याची खाण नव्हती. हे तेच मिसरचं सोनं. पण मधला अध्याय ३२ विसरू नका. अहरोनाने कानातल्या बाळ्या मागितल्या आणि वासरू ओतलं, तेही त्याच सोन्याचं. म्हणून "परक्यांचं आहे, टाकून दे" म्हणणाऱ्याला मी अध्याय ३५ दाखवते, आणि "अगं, कला ती कला, त्यात काय एवढं" म्हणणाऱ्याला ३२.

पौल स्वतः अथेनैमध्ये ग्रीक कवींचा आधार घेतो (प्रे. कृत्ये १७). त्यातली एक ओळ अराटस नावाच्या कवीची, आणि मूळ कवितेत ती झ्यूस देवाबद्दल आहे. पौलाला हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे तर हे उदाहरण घरातलंच. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीत, "पुराण" हेच नाव लावून. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही, येशूच्या पायाशी आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. आज उपासना संगीत उघडून टिळकांची गीतं गाताना कुणाला वाटतं का की आपण परक्याचं काही गातोय? चित्रकलेत गोव्याचे आंजेलो द फोन्सेका आहेत. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. त्या काळी त्यांच्याच ख्रिस्ती लोकांना ते रुचलं नव्हतं.

इथवर सोपं होतं. यापुढे मला पौलाचं बोट घट्ट धरावं लागतं.

करिंथला लिहिताना तो एकाच मांसाबद्दल तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. बाजारात मिळतं ते विकत घ्या, चौकशी करत बसू नका. मित्राने जेवायला बोलावलं तर जा, वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्यासाठी थांबा. आणि देवळातल्या पंगतीला मात्र बसू नका. मांस तेच, बदलते ती जागा, आणि समोरचा माणूस. (कंपनीत दसऱ्याच्या मशीनपूजेला उभं राहावं लागतं, त्याचं काय, असं विचारणाऱ्या भावांनी २ राजे ५ मधला नामान वाचावा. तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.)

भातलावणी, मासेमारी, ताडावर चढणारा माणूस, मोर, बैलगाडी हे सगळं मी काढते आणि काढताना मला देवाची निर्मिती दिसते. चौक मी लिहीत नाही. एक कारण मंडळीत पटकन पटतं: तिथे देवी बसते, आणि माझा प्रभू येशू आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या पाड्यातल्या बाईसाठी तो चौक म्हणजे नक्षी नाही. ती तिची प्रार्थना आहे. माझ्या बैठकीच्या खोलीत शोभेला लावण्यासाठी मी कुणाची प्रार्थना उचलून का आणावी? कुणी वधस्तंभाचं किचेन बनवून विकलं तर आपल्याला काय वाटतं, ते आठवा.

आमच्या घरच्या प्रार्थनेला एक मावशी येतात. त्या वारली. त्यांच्या स्वतःच्या लग्नात चौक लिहिला गेला होता; प्रभूकडे त्या नंतर, बऱ्याच वर्षांनी आल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थांबून भिंतीवरचं चित्र निरखत राहिल्या. मग विचारलं, "चौक कुठंय?" मी म्हटलं, नाही लिहिला. "बरं झालं. मला हितं बसवलं नसतं." आणि बसल्या, आणि पुढे अर्धा तास मला सांगत होत्या की माझ्या भातलावणीतल्या बाया चुकीच्या दिशेने सरकतायत. लावणी करताना मागे मागे जायचं असतं!

१ करिंथ ८ मधला तो "दुर्बळ" भाऊ मला तिथे दिसला, आणि तो शब्दच मला कसातरी वाटला. दुर्बळ कोण? त्या चित्राचा पूर्ण अर्थ खोलीत एकट्या त्यांनाच ठाऊक होता. मूर्ती काहीच नाही हे ज्ञान मला आहे, पण ते मला फुकटात मिळालं. त्यांनी त्याची किंमत मोजलीय, नातलगांच्या लग्नांत बाजूला उभं राहून.

आता त्यांचा नातू. तो तारपा वाजवतो. गावाकडे मामाकडून शिकला. वाळलेला भोपळा, बांबू, ताडाचं पान, आणि छातीत दम. त्याला नाताळला मंडळीत वाजवायचाय. मावशींचा साफ नकार, कारण त्यांच्या आठवणीत तारपा देवांपुढे वाजतो. नातू विचारतो, "गिटारला कुणी विचारतं का, तू आधी कुठे कुठे वाजलीस?" याला माझ्याकडे उत्तर नाही. साता समुद्रापलीकडून आलेलं वाद्य आपण सरळ वेदीजवळ ठेवतो, आणि शेजारच्या पाड्यातल्याला दारात कागदपत्रं मागतो. हे मला न्यायाचं वाटत नाही, आणि मी ते मंडळीत बोलूनही दाखवलंय.

पण ८:१३ ही आहे. भावाला अडखळण होत असेल तर पौल मांसच सोडायला तयार आहे, कायमचं. आणि १०:२९ मध्ये तोच विचारतो की माझ्या स्वातंत्र्याचा निवाडा दुसऱ्याच्या विवेकाने का व्हावा. दोन्ही वाक्यं एकाच पत्रातली, एकाच माणसाची. मी नातवाला एवढंच सुचवलंय की मंडळीच्या आधी घरी, आजीजवळ बसून वाजव. तिला आवडणारं एखादं भजन बसव. तिने ऊठ म्हटलं तर ऊठ. तो सध्या चाल बसवतोय. तारप्यावर ती नीट बसत नाही म्हणून वैतागलाय.

प्रार्थना: प्रभू येशू, तू नासरेथमध्ये शेजाऱ्यांच्या लग्नांची गाणी ऐकत वाढलास. आमच्या मावशींना आणि त्यांच्या नातवाला या नाताळला एकाच बाकावर बसव. आमेन.

उद्याचं वाचन: रोमकरांस १४