अवसेची गोळी

मुंबईत उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने प्रकल्पासाठी विषय घेतला गोळ्यांच्या पाकिटाचा. सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून हातात पडतं, ते चिमुकलं कागदी पाकीट. त्यावर फार्मासिस्ट बॉलपेनने १-०-१ लिहितो. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला वाचता येत नाही त्याने काय करायचं, हा तिचा प्रश्न. प्रश्न खरा होता. उत्तर मात्र तिने वसतिगृहाच्या खोलीत बसून काढलं.

उत्तर देखणं होतं, यात शंका नाही. सकाळसाठी केशरी उगवता सूर्य, दुपारसाठी पिवळा, रात्रीसाठी निळ्या आभाळात चंद्रकोर आणि उजव्या कोपऱ्यात तिची बारीक, वळणदार सही. सर म्हणाले, "छान झालंय. आता ज्यांच्यासाठी केलंयस त्यांना दाखवून ये." बोलता बोलता त्यांनी १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा विषय काढला. तेव्हा देशात शंभरात अठराएक माणसं साक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं: बैलजोडी, झोपडी, वडाचं झाड. "माणूस आधीपासून ओळखतो तेच त्याच्यापुढे ठेवलं," सर म्हणाले. मुलीने मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं.

माण तालुक्यातल्या तिच्या गावाजवळ प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सुट्टीत ती तिथे गेली. तिथल्या फार्मासिस्टने पाकीट उलटसुलट पाहिलं. "ताई, इथं रंगीत कुठनं आणायचं? आमचं सगळं झेरॉक्सवर." झेरॉक्स काढली, तर सकाळ आणि दुपार दोन्ही सारखेच करडे गोळे. चंद्रकोर तेवढी शाबूत राहिली. ती घेऊन मुलगी रांगेतल्या एका म्हातारीपाशी गेली.

"आजी, ही गोळी कधी घ्याल?"

म्हातारीने कागद लांब धरला, मग जवळ आणला. "चांद दिसल्यावर."

मुलगी खूश झाली.

"आन् आवसंला?"

"म्हणजे?"

"आवसंला चांद न्हाई. त्या दिशी गोळी न्हाई घ्यायची व्हय?"

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. म्हातारी हसली नाही. अवसेला काय करायचं नाही, एकादशीला काय खायचं नाही, हे पाळण्यात तिचा जन्म गेला होता. तिने रीतसर विचारलं होतं.

फार्मासिस्ट निवृत्तीला आलेला. तरुणपणी तो एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने टेबलावरचा रद्दी कागद घेतला, लांबट पट्टी कापली, घड्यांवर घड्या घातल्या आणि कात्रीने कडेचा कोपरा उडवला. पट्टी उलगडली तर कडेला सारख्या अंतरावर खाचा. "ही मिक्श्चरच्या बाटलीला खळीनं चिकटवायची. औषध एक खाच खाली गेलं की एक डोस झाला." अशा पट्टीला कुठल्या स्पर्धेत बक्षीस मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मुलगी सुट्टी संपेपर्यंत त्या रांगेत बसत राहिली. पाकीट पिशवीत ठेवलं. विचारायची एवढंच, की उठल्यावर काय करता, मग काय, मग काय. कुणाची दुपार बाराला होती, कुणाची रानातून आल्यावर अडीचला. घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आभाळाकडे तर त्याहून कमी. पण चहा सगळ्यांचा होता, भाकरी सगळ्यांची होती आणि अंथरूणही.

मग कपबशी, ताट आणि अंथरुणावर आडवं झालेलं माणूस अशी तीन चित्रं झाली, जाड काळ्या रेषेत. ताटातली गोल भाकरी पहिल्या झेरॉक्सवर पुन्हा सूर्यासारखीच दिसायला लागली, तेव्हा तिच्याशेजारी कालवणाची वाटी आली. प्रत्येक चित्राखाली एक रिकामा चौकोन, फार्मासिस्टने जितक्या गोळ्या तितक्या उभ्या रेघा मारण्यासाठी. म्हातारीने ओळीने बोट ठेवलं. "च्या. जेवान. निजायचं." अवसेचं नाव निघालं नाही.

वार्षिक प्रदर्शनात त्या पाकिटापुढे फारसं कुणी थांबलं नाही. शेजारच्या रंगीत पोस्टरांपुढे गर्दी होती, आणि पोस्टरं होतीही चांगली.

पावसाळ्यात फार्मासिस्टचा फोन आला. "ताई, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून रेषा फुटाय लागल्यात. मूळ कागद पाठवा. आणि एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यातली तुमची सही मी व्हाइटनरनं खोडली. गोळीचं नाव लिहायला जागाच नव्हती. राग नाही ना?"

तिने त्याच रात्री नवा कागद केला. सहीच्या जागी गोळीच्या नावासाठी एक लांब रेघ आखली, बॉलपेनचं मोठं अक्षर मावेल एवढी, आणि सकाळच्या टपालाने तो पाठवून दिला.