ध्वनिमुद्रित दुआ आणि आमीन

रमजानच्या रात्री मक्केच्या मशिदीत वित्रच्या नमाजेत इमाम कुनूतची दुआ मागतात आणि मागच्या हजारो रांगांतून आमीन उठते. तीच दुआ पुढे वर्षभर मोबाइलवर ऐकली जाते. ऐकणाऱ्याचे ओठ आपसूक हलतात, आणि मग शंका येते: मुद्रित दुआला आमीन म्हणावे का?

शंका रास्त आहे. इबादतीचा पाया म्हणजे नियत, मनातला हेतू. यंत्राला तो कुठला? हनफी फकीहांनी ध्वनिमुद्रण येण्याच्या कितीतरी आधी याचा विचार करून ठेवला होता. सजद्याची आयत शिकवलेल्या पोपटाने उच्चारली किंवा प्रतिध्वनी होऊन कानी आली, तर ऐकणाऱ्यावर सजदा वाजिब होत नाही. सौदी अरेबियाचे विद्वान इब्न उसैमीन (१९२९–२००१) यांनीही सांगितले की थेट प्रक्षेपित अजानला उत्तर द्यावे, मुद्रित अजानला नाही. कारण तिथे त्या क्षणी अजान देणारा कोणी नसतो. मुद्रित इमामामागे नमाज तर होतच नाही.

आमीनचे मात्र वेगळे आहे. अजानचे उत्तर मुअज्जिनच्या हाकेला असते. आमीन म्हणणारा इमामाला उत्तर देत नाही, दुआ कबूल व्हावी असे अल्लाहकडे मागतो, म्हणजे स्वतःच दुआ करतो. सूरह यूनुसमध्ये फिरऔनविरुद्धची दुआ मूसा मागतात, पण ८९व्या आयतीत अल्लाह दोघांची दुआ कबूल झाल्याचे सांगतो. दुसरे कोण? मुफस्सिर म्हणतात, हारून. ते आमीन म्हणत होते. म्हणून मुद्रित दुआला आमीन म्हणण्यात हरकत नाही, असे सांगणाऱ्या आलिमांचे म्हणणे मला मनापासून पटते. आवाज जुना असेल, मागणे आत्ताचे आहे.

अट एकच, आणि तीच जड आहे. गाफील मनाची दुआ कबूल होत नाही, अशा आशयाची हदीस तिर्मिझींच्या संग्रहात आहे. भाजी चिरता चिरता, अर्थ न कळता म्हटलेल्या आमीनचे काय? आपल्याकडे बहुतेकांना अरबी समजत नाही. त्या दुआत काय मागितले आहे ते एकदा उर्दूत किंवा मराठीत वाचून घ्यावे. आणि नमाजेबाहेर दुआ आपल्या भाषेतही मागता येते. दूरच्या आजारी भावाचे नाव कोणत्याच मुद्रणात नसते. ते आपणच घ्यायचे. अशा पाठीमागे केलेल्या दुआला फरिश्ता आमीन म्हणतो आणि तुलाही तेच मिळो असे म्हणतो, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे.