सर्प डूख धरतो काय?

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या दिवसांत सर्पदंशाची वार्ता कानी येते, आणि तिच्या मागोमाग "सर्पाने डूख धरला होता" हे वाक्यही येते. सर्पाच्या ठायी खरोखर वैर असते काय?

सर्पास बाहेरचे कान नाहीत. भूमीचा कंप जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानास पोहोचतो. त्याची दुभंगलेली जीभ गंधाचे कण टिपून टाळूतील एका इंद्रियास देते. जिभेच्या ज्या टोकास गंध अधिक, तिकडे भक्ष्य गेले असे त्यास समजते. घोणस उंदरास दंश करून सोडते आणि मग त्याच्या गंधाचा माग काढीत जाते. सह्याद्रीतील चापड्यास तर डोळा व नाकपुडी ह्यांमधील खळगीने काळोखातही भक्ष्याची ऊब कळते.

मण्यार रात्री उंदीर, पाल व लहान सर्प शोधीत घरात शिरते. भुईवर निजलेल्याचा हात तिच्यावर पडला म्हणजे ती चावते. त्या मनुष्याचे नाव अथवा मागील भांडण तिला ठाऊक नसते. एक सर्प मारल्यावर तेथे दुसरा येतो, तोही सुडासाठी नव्हे. तणसातील उंदीर तेथेच असतात, किंवा मादीच्या गंधामागे नर आलेला असतो.

मग डूख कोणाचा? धुऱ्याच्या हातभर मातीसाठी भाऊ भावाशी वर्षानुवर्षे बोलत नाही. नाते, उपकार, बालपण हे सर्व ठाऊक असून बोलत नाही. जेथे जाणीव तेथेच पाप संभवते. सर्पाची जाणीव गंध, कंप व ऊब ह्यांपाशी थांबते; आपली थांबत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पावरून बांधीतील सर्पाचा न्याय करणे म्हणजे आपला दोष मुक्या जिवावर लादणे होय.

ह्या समजुतीने प्राणहानीही होते. दंशास सूड मानणारा मांत्रिकाकडे धावतो, आणि मोलाची घटका निघून जाते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष इस्पितळात टोचतात. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून नुसती शंका आली तरी इस्पितळाची वाट धरावी. खाटेवर मच्छरदाणी लावून निजावे, तणस घरापासून दूर रचावे, रात्री दिवा घेऊन चालावे.

सर्पापासून घर राखण्यास एवढे पुष्कळ आहे. अंतःकरणातील डूख मात्र दिव्याने दिसत नाही. त्यासाठी धुरा ओलांडून भावाच्या दारी आपणच गेले पाहिजे.